कोर्टाची पायरी

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. माझी अडचण अशी की कोर्ट माझ्या दारासमोरच राहायला होतं. मधी फक्त गल्ली. सकाळी गोठ्याचं दार उघडलं की पहिलं तोंड त्याचं दिसायचं आणि माझा दिवस तिथंच नासायचा.

कोर्ट म्हणजे माणूस. कोर्टात शिपाई होता आणि सगळी नोकरी पुकाऱ्यात गेली. दारात उभं राहून पक्षकाराचं, साक्षीदाराचं नाव घेऊन ओरडायचं, एक नाव तीनदा, हे त्याचं काम. रिटायर झाल्यावर आवाज तेवढा शिल्लक राहिला. गल्लीत त्याला नावानं कोण ओळखत नव्हतं. पोरंसुद्धा 'कोर्ट बसलं', 'कोर्ट उठलं', 'कोर्ट दाढीला गेलंय' असंच म्हणायची. गेल्या उन्हाळ्यात तो गेला. माझी बायको गेली त्याला तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. तिथंसुद्धा गड्यानं माझ्या आधी नंबर लावला.

मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतील. पण मी म्हशीवाला माणूस, चौथीत शाळा सोडलेला. साखर घालून लिहायला मला येत नाही. तो जिवंत होता तेव्हा मी त्याच्यावर जळत होतो, आणि आजही जळतोय. हे पहिल्यांदाच सांगून टाकलेलं बरं.

त्याच्या घराला तीन पायऱ्या. आमची गल्ली नदीच्या अंगाला, म्हणून त्यानं जोतं उंच घेतलेलं. काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या आणि वर उंबऱ्याला टेकून याची लोखंडी खुर्ची. कोणी काही बोलायला आलं की तो आधी हात वर करायचा. "थांबा. जागा धरा." खालची पायरी 'मला वाटतं'ची. मधली 'माझा भरोसा हाय'ची. वरची 'मला ठाऊक हाय'ची. बोलणं ज्या प्रकारचं असेल, त्या पायरीवर उभं राहूनच बोलायचं. मग ते काही असो.

कोणीतरी तणतणत येऊन सरळ वरच्या पायरीवर चढायचा.

"उद्या नळाला पाणी न्हाय."

"कशावरनं?"

"सगळी म्हणत्यात की."

"सगळ्यास्नी कुणी सांगितलं?"

"ते काय ठाऊक न्हाय."

"मग उतरा. अजून उतरा. हां. आता बोला."

खालच्या पायरीवर उभं राहिलं की तेच वाक्य बोलायची माणसाला लाज वाटायची. अर्धी माणसं न बोलताच वाटेला लागायची. कुणाची सून कशी, कुणाचा पोरगा कुठं दिसला, असल्या आमच्या गल्लीतल्या किती भानगडी त्या खालच्या पायरीवर मेल्या, त्याला गणती नाही.

मी एकदा विचारलं, ही काय थेरं लावलाईसा? तर म्हणाला, "जल्मभर साक्षी ऐकल्या. माणसं खोटं कमीच बोलत्यात. वाटतंय त्याला ठाऊक म्हणत्यात, सगळा घोळ तिथं हाय. त्या घोळापायी माणसं आत जाऊन बसल्यात."

तालमीतल्या एका पैलवानानं त्याला खिंडीत पकडायला विचारलं, "मग देव हाय का न्हाय ते सांगा की, कोर्ट!" कोर्ट लिंगायत, गळ्यात लिंग. त्यानं त्या लिंगाला हात लावला आणि मधल्या पायरीकडं बोट केलं. "ही कशाला बांधलीया? हितं उभं राहा आणि खुशाल हात जोडा. देवाला वर चढवायचं न्हाय, आन् खाली बी उतरवायचं न्हाय. ही पायरी काय कमी न्हाय." पैलवान गप झाला. मी गप झालो नाही, पण माझ्याकडं कोण बघतंय?

माझ्या जळण्याचं मूळ वेगळंच होतं. कोर्ट गडहिंग्लजचा आणि माझी बायको नेसरीची. तालुका एक. तो राहायला आला त्या पहिल्याच आठवड्यात तिच्या तोंडून कुठलातरी कानडी शब्द सुटला आणि त्यानं तो गल्लीच्या पलीकडनं उचलला. "अक्का, माहेर कुठलं?" झालं. ती त्याच्यापेक्षा किती लहान, तरी अक्का. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्या बाजूनं, "अक्काऽ, आज आमटी कशाची?" आणि या बाजूनं हिचं हसणं. माझ्याशी बोलताना ही 'व्हय' आणि 'न्हाय' एवढ्यात सगळा संसार आवरायची. त्याच्याशी बोलताना नेसरीचा बाजार, तिथली शेतं, आईची भाकरी, सगळं निघायचं. मी धार काढता काढता ऐकायचो. त्यातलं अर्धं मला कधी सांगितलेलंच नव्हतं.

"माहेरच्या वाऱ्याचं माणूस हाय," ती म्हणायची.

"वारं लागलं की ताप येतोय," मी म्हणायचो.

"जळताय कशाला? जावा की तुम्ही बी, उभं राहा पायरीवर."

मी गेलो होतो. ती गोष्ट सांगतो. कोपऱ्यावरच्या एका बाईनं उठवलं की मी दुधात पाणी घालतो. दुसरं काहीही म्हणा, म्हशीवाल्याला हे म्हणू नये. सकाळी लोक माझ्यासमोर उभे राहून, म्हशीखालचं गरम दूध पेल्यातनं प्यायला येतात, त्यांनी माझ्या तोंडाकडं कसं बघायचं? मी चिडून कोर्टाकडं गेलो. त्यानं त्या बाईला बोलावलं. ती तरातरा वर चढली. 'बघितलासा?' न्हाय. 'मोजलासा?' न्हाय. 'मग?' 'साय पातळ येतीया.' 'उन्हाळ्याची सगळ्यांचीच येतीया, उतरा.' शेवटी ती खालच्या पायरीवरही राहिली नाही, रस्त्यावर आली आणि तोंड फिरवून गेली. गल्ली हसली. माझी छाती फुगली. मी म्हणालो, "आता तुम्ही सांगा कोर्ट, मोठ्यानं, मी पाणी घालत न्हाय म्हणून."

कोर्ट खुर्चीतनं उठला. एक पायरी उतरला, दोन उतरला. खालच्या पायरीवर येऊन उभा राहिला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं पुकारला, "मला वाटतं, ह्यो पाणी घालत न्हाय."

"वाटतं?" माझं डोकं फिरलं. "वाटतं म्हंजे? मला ठाऊक हाय की! मी चढतो वर!"

"तुम्ही आरोपी. आरोपीला शपथ नसती."

माझी बायको दारात तोंडाला पदर लावून हसत होती. तिचं हसणं मला दुधापेक्षा जास्त लागलं. आणि तेव्हापासून तो मला 'आरोपी'च म्हणायला लागला. "आरोपी, म्हशीनं पान्हा सोडला का?" "आरोपी, जेवलासा का?" म्हणजे निकाल कधी लागलाच नाही.

बरं, वरच्या पायरीवर कोणालाच जागा नाही असं असतं, तर मी सोसलं असतं. पण एका संध्याकाळी माझी बायको पदराला हात पुसत बाहेर आली आणि थेट त्याच्या वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

"कोर्ट, आज आमटी खारट झालीया."

"कशावरनं?"

"मीठ मीच टाकलंय. दोनदा."

कोर्टानं टाळी वाजवली. "ही साक्ष! ह्या गल्लीत पहिल्यांदा कोणतरी वर उभं राहून खरं बोललं. अक्का, ही जागा तुमची."

आणि मी आत बसून तीच आमटी गिळत होतो. मला सांगायचं सोडून त्याला सांगायला गेली. खारट आमटीसाठी माणसाला मान मिळतो, आणि चाळीस वर्षं स्वच्छ दूध घालणारा आरोपी. मी गवंडी बोलवून माझ्याही दाराला एक पायरी बांधून घेतली. तिच्यावर मोरी, आमची थोरली म्हैस, रोज शेणाचा पो टाकायची. दुसरं कोणी तिच्यावर उभं राहिलं नाही.

आता पुराचं सांगतो. त्याच्यासाठीच हे लिहायला घेतलंय.

त्या साली पंचगंगा आमच्या गल्लीत आली. आली म्हणजे सांगून, सावकाश, बोट बोट चढत. मी म्हशी घेऊन उंचावरच्या मेव्हण्याच्या जागेत निघालो आणि बायकोला म्हणालो, आवर, मी परत येऊन तुला न्हेतो. वाटेत मोरी मागं फिरली. माझ्या बायकोच्या हाकेशिवाय ती पाऊल टाकायची नाही, ही तिची खोड. तिला ओढता ओढता दिवस कलला. परत आलो तर रस्ता पाण्याखाली. शेवटी तालमीच्या पोरांनी ट्यूब बांधून तराफा केला होता, त्याच्यावर बसून गल्लीत शिरलो.

सगळी गल्ली रिकामी. दारं बंद, पाण्यावर कुणाचं तरी पिंप तरंगतंय. आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर दोन माणसं. वरच्या पायरीवर तो, हात पुढं केलेला. मधल्या पायरीवर माझी बायको, लुगडं वर खोचलेलं, पोटऱ्यांपर्यंत पाणी. तो काहीतरी बोलला. ती काहीतरी बोलली आणि मान हलवली. मग तिनं मला बघितलं. तिच्या तोंडावर जे आलं, ते मी तेव्हा वाचलं नाही. माझ्या डोळ्यात त्याचा तो पुढं केलेला हात होता.

"सगळी गेली, तू हितं काय करतीयास?" मी तराफ्यावरनंच ओरडलो.

"तुमची वाट."

"आन् बोलणं काय चाललंतं?"

"कोर्टातलं बोलणं ते," ती म्हणाली आणि हसली. पाण्यात उभी राहून हसली. तराफ्यावर माझ्या शेजारी बसताना तिचे पाय बर्फ झाले होते. मी शाल दिली, पण तोंड फिरवूनच दिली. कोर्टाला पोरांनी दुसऱ्या खेपेला नेलं.

नंतर मी किती वेळा विचारलं. चिडून विचारलं, गोडीत विचारलं. "त्या दिवशी काय बोललीस?" तिचं एकच. "इचारा की त्येनास्नीच." आता त्याच्या दारात जाऊन मी काय विचारू? माझी बायको तुमच्याशी काय बोलली म्हणून? मेलो तरी विचारणार नव्हतो. पण रोज धार काढताना ते आठवायचं, आणि म्हैससुद्धा ओळखायची. आचळ ओढलं जायचं.

मग ती गेली. आजार थोडक्यातला. सकाळची वेळ होती, पोरगा पुण्याहून निघाला होता, पोचायचा होता. घर माणसांनी भरलं. ज्याला त्याला बोलायचं होतं. "सुटली बिचारी." "सवाष्ण गेली, भाग्याची." "तिला आधीच कळलं असंल." भाग्य कुणाचं, विचारावंसं वाटलं, माझं का मोरीचं? कोर्टाचे गुडघे तेव्हा गेले होते, तो महिनोन्महिने खाली उतरला नव्हता. त्या दिवशी भिंतीला धरून तीन पायऱ्या उतरला आणि रस्त्यावर उभा राहिला. एक शब्द बोलला नाही. जल्मभर बडबडला आणि त्या दिवशी गप्प. मला त्याचाही राग आला. माझ्यापेक्षा जास्त दुःख करतोय की काय हा!

दिवसकार्य झालं, पोरगा परत गेला. म्हशी आणि मी. संध्याकाळी पलीकडनं "अक्काऽ" ऐकू येईना. तो ओरडत होता तेव्हा कान किटायचे, आणि आता ती शांतता खायला उठायची. मला ठाऊक नव्हतं असं एकच वाक्य ती मागं ठेवून गेली होती आणि ते त्या म्हाताऱ्याजवळ होतं. आज आहे, उद्या तोही नसेल. मग एका दुपारी मी लाज गुंडाळून ठेवली आणि गल्ली ओलांडली.

"कुठल्या पायरीवर उभा राहू?"

"काय बोलायचंय?"

"इचारायचंय."

"प्रश्नाला पायरी लागत न्हाय, आरोपी. रस्त्यावरनंच इचारा."

"पुराच्या दिवशी ती हितं काय बोलली?"

कोर्टानं नेहमीसारखा हात वर केला. "तिचं बोलणं मी सांगू? ऐकीव साक्ष चालत न्हाय. साक्षीदाराला बोलवा."

"कोर्ट, शुद्धीवर हाय न्हवं?"

"रीत ती रीत. पुकारा करा. माझा आवाज संपला आता. तुम्हीच करा."

आता हे सांगायला हवं. मी तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. लग्नात बायकांनी अडवून उखाणा घ्यायला लावला, तेव्हा एकदा पुटपुटलो असेन. त्यानंतर 'अगं ए', 'ऐकलंस का', 'कुठं मेलीस'. आमच्यात असंच. तो तिला अक्का म्हणायचा, गल्ली काकू म्हणायची, म्हशीसुद्धा हंबरून बोलवायच्या. मीच काही म्हणत नव्हतो.

"हौसाबाई," मी म्हणालो. माझ्याच कानाला परकं लागलं.

"मोठ्यानं. गल्लीच्या तोंडापतोर गेलं पायजे."

"हौसाबाई, हाजीर हाय का?"

कोणीतरी खिडकी उघडली. मला लाज वाटली नाही. तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा तो पुकारा राहिलाच नव्हता, नुसती हाक झाली होती. कोर्ट मान वळवून गल्लीच्या तोंडाकडं बघत थांबला, रीतीप्रमाणं. मीही बघितलं. खोटं कशाला सांगू.

"गैरहजर," तो म्हणाला. "कारण कुणास्नी ठाऊक हाय?"

"मयत हाय."

"ठाऊक हाय का ऐकलंय?"

दुसरी वेळ असती तर त्याला खुर्चीसकट खाली ओढला असता. "मीच डोळं मिटलं तिचं. ह्या हातानं."

कोर्टानं खुर्ची मागं सरकवली. "वर या."

इतकी वर्षं ज्या जागेसाठी मी मनात कुढलो, तिथं जाऊन उभा राहिलो. तिथनं माझा गोठा आरपार दिसतो. ती धार काढायला बसायची ती जागा, तिची उलटी घातलेली बादली, सगळं. एवढी वर्षं हा हे बघत बसला होता आणि मी म्हशीच्या पोटाआड. परत जळलो.

"साक्षीदार मयत असला तर त्याचं बोलणं दुसऱ्यानं सांगितलेलं चालतंय," कोर्ट म्हणाला. "आता ऐका. होडी आली, सगळी बसली. अक्का बसंना, म्हणून मी बी थांबलो. लोक म्हणालं, त्यो फुडं गेला असंल, कँपात गावंल, चला. ती माझ्या पायरीवर येऊन उभी राहिली. खालची तवर पाण्यात बुडालती. म्हणाली, 'ते येणार.' मी इचारलं, अक्का, ठाऊक हाय? म्हणाली, 'न्हाय. पन येणार.' पाणी तिच्या घोट्यावर आलं. मी म्हणालो, वर या, हात धरा. म्हणाली, 'वर कशी येऊ, कोर्ट? मला ठाऊक कुठं हाय?' पाणी पोटरीला लागलं. मी म्हणालो, अक्का, आज मी नियम मोडतो, या वर. ती म्हणाली, 'नगं. माझी जागा हीच हाय.' तवर तुम्ही तराफ्यावर वरडत आलासा."

खाली मधल्या पायरीवर पुराच्या गाळाची पिवळी रेघ अजून होती. त्यानं ती कधी धुतली नव्हती.

"ह्ये मला आधी का सांगितलं न्हाईसा?"

"अक्कानं मना केलतं. म्हणाली, जळू देत जरा. जळत्यात तवर घराकडं ध्यान तरी असतंय."

मला हसू आलं आणि त्याच्या मागनं दुसरं काहीतरी आलं. तरी राग गेला नाही. ते वाक्य माझं होतं. माझ्यासाठी, माझ्याबद्दल, पाण्यात उभं राहून बोललेलं, आणि ते ऐकायला कान मात्र त्याचे. मी पोचलो तेव्हा ते बोलून संपलं होतं. तो ते इतकी वर्षं घेऊन बसला, आणि मला मिळालं ते त्याच्या तोंडून, उष्टं.

मी एक पायरी उतरलो. त्या पिवळ्या रेघेवर पाय ठेवून, गल्लीच्या तोंडाकडं बघत उभा राहिलो.

"का उतरलासा?" कोर्ट म्हणाला. "वरची जागा तुमची हाय आता. तुमास्नी ठाऊक हाय."

"ठाऊक हाय," मी म्हणालो. "पन हितंच थांबतो जरा."

त्यानं परत विचारलं नाही. खुर्ची पुढं ओढली आणि तोही त्याच बाजूला बघत बसला. त्या दिवशी दिवेलागण होईपर्यंत कोर्ट उठलं नाही.